जीवरक्षकाची ड्युटी, क्रमाने: नाशिकचे तरणतलाव, रिसॉर्ट आणि वॉटर पार्क यांच्यासाठी

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की नाशिकच्या तलावांवर बॅचला जागा मिळत नाही. त्र्यंबक रोडचा सावरकर तलाव असो, गंगापूर रोडच्या पुढचं एखादं रिसॉर्ट असो की हायवेलगतचं वॉटर पार्क, पाऊस सुरू होईपर्यंत गर्दी हटत नाही. याच दिवसांत जीवरक्षक म्हणून नवी पोरं कामावर घेतली जातात. बहुतेक जण पट्टीचे पोहणारे असतात, विहिरीत आणि गोदावरीच्या डोहात तयार झालेले. पोहण्यात ती कमी पडत नाहीत. पहारा कसा द्यायचा, पाण्यात शिरण्याआधी काय करायचं आणि माणूस काठावर आणल्यावर पहिला हात कुठे ठेवायचा, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

हा लेख त्या पोरांसाठी आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्या मालक-मॅनेजरसाठी आहे. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून पायऱ्या त्याच क्रमाने वाचा.

## १. माणूस निवडा आणि त्याला एकच काम द्या

‘पोहता येतं’ एवढ्यावर कुणालाही खुर्चीवर बसवू नका. अमेरिकन रेड क्रॉसच्या प्रशिक्षणात प्रवेशासाठी एक चाचणी आहे, ती आपल्याकडेही सहज घेता येते. उमेदवाराने साधारण १८ मीटर पोहत जायचं, ७ ते १० फूट खोल तळातून साडेचार किलोची वीट वर काढायची, ती दोन्ही हातांनी छातीवर धरून पाठीवर पोहत परत यायचं आणि शिडी न धरता काठावर चढायचं. हे सगळं १ मिनिट ४० सेकंदांत. जोरात पोहणारी पोरंसुद्धा इथे अडतात, कारण हात गुंतलेले असताना नुसत्या पायांवर पोहायची त्यांना सवय नसते. बुडणाऱ्याला आणताना नेमकं तेच करावं लागतं.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागा. पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आणि गोव्याची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था असे अभ्यासक्रम घेतात. प्रमाणपत्र जुनं असेल तर हंगामाआधी सीपीआरचा (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा) सराव बाहुलीवर पुन्हा करून घ्या. हाताची सवय काही महिन्यांत जाते.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढच्या गोष्टीत. जीवरक्षकाला कोच केलं जातं, तिकिटं तपासायला लावलं जातं, नायलॉनचे कॉस्च्यूम भाड्याने द्यायला बसवलं जातं, मध्येच काठावर झाडू मारायला सांगितलं जातं. शिकवणाऱ्या कोचचं लक्ष त्याच्या चार विद्यार्थ्यांवर असतं आणि असायलाच हवं. तेव्हा उरलेल्या तलावाकडे कोण बघतंय? ज्याची पहाऱ्याची पाळी आहे त्याच्याकडे त्या वेळेत दुसरं कोणतंही काम नको. मोबाइल लॉकरमध्ये राहील, खिशात नाही.

तपासा: आत्ता या क्षणी पाण्यावर कुणाची नजर आहे, त्याचं नाव मॅनेजरला सांगता येतं का? ‘तिघं आहेत की तिकडे’ हे उत्तर चालणार नाही.

## २. सकाळी आधी पाणी बघा

गेट उघडण्यापूर्वी काठावर उभं राहून सर्वांत खोल जागेचा तळ बघा. तळातल्या ड्रेनच्या जाळीच्या पट्ट्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. ‘तिथे काहीतरी काळं दिसतंय’ इतकंच म्हणता येत असेल तर तलाव उघडायचा नाही. गढूळ पाण्यात तळाशी गेलेला माणूस सगळ्यांच्या पायाखाली असूनही दिसत नाही. मे महिन्यात वळवाचा पाऊस आणि धुळीचं वारं येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी पाणी हमखास गढूळ होतं. अशा वेळी पहिली बॅच रद्द करावी लागली तरी करा. पालक चिडतील, फोन येतील. ते सोसा.

मग किट घेऊन पाणी तपासा. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत १ ते ३ भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ या दरम्यान हवा. वाचन वहीत वेळेसकट लिहा. गर्दीच्या दिवशी दुपारी पुन्हा तपासा, कारण ऊन आणि माणसं मिळून क्लोरीन झपाट्याने संपवतात.

इशारा: क्लोरीनची पावडर आणि ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, एकाच मापाने काढू नका, शेजारी ठेवू नका. त्यातून विषारी वायू निघतो. पावडर नेहमी पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. आणि हे सगळं पाण्यात कुणी नसतानाच.

ड्रेनची झाकणं हलवून बघा. झाकण सैल असेल, तुटलं असेल किंवा स्क्रू गेला असेल तर पंप बंद आणि तलावही बंद. पंपाच्या ओढीने केस किंवा हात जाळीत अडकला तर भल्या ताकदवान माणसालाही तो ओढून काढता येत नाही. म्हणून पंपाचा मेन स्विच कुठे आहे हे प्रत्येक जीवरक्षकाला ठाऊक हवं, नुसतं वायरमनला ठाऊक असून भागत नाही. पाण्यातले दिवे, पंप आणि साउंड सिस्टिमचं कनेक्शन अर्थ लीकेज ब्रेकरवर (करंट गळला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचवर) आहे ना आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो ना, हेही आठवड्यातून एकदा बघा.

## ३. साहित्य हाताशी ठेवा, कपाटात नको

हवं ते इतकंच: आकडा किंवा कडी लावलेला लांब बांबू, दोरी बांधलेली लाइफबॉय रिंग, प्रत्येक जीवरक्षकाला एक रेस्क्यू ट्यूब (पट्ट्याने अंगाला अडकवायची लांबट, तरंगती फोमची पट्टी), मानेच्या दुखापतीसाठी पट्ट्यांसकट स्पाइन बोर्ड (माणसाला सरळ बांधून उचलायची फळी), तोंडाने श्वास देण्यासाठी पॉकेट मास्क, प्रथमोपचार पेटी, कोरडे टॉवेल. मोठ्या तलावावर आणि वॉटर पार्कवर एईडी (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) असावा.

हवा भरलेली टायरची ट्यूब हे बचावाचं साहित्य नव्हे. तिच्यातून माणूस खाली सटकतो आणि वाऱ्याने ती त्याच्यापासून दूर जाते. लहान मुलांच्या दंडातल्या फुग्यांचंही तसंच. ते पाहून पालक निर्धास्त होतात आणि नजर काढतात.

रिंग फेकायचा सराव रोज सकाळी करा, प्रत्येकाने पाच फेका. दोरीचं मोकळं टोक पायाखाली दाबायचं किंवा दुसऱ्या हातात धरायचं. रिंग माणसाच्या डोक्यापलीकडे टाकायची आणि दोरीने त्याच्याकडे ओढायची. अंगावर टाकायची नाही. दोरी गुंता न होता सुटते का हे त्यातच कळतं. पुष्कळ ठिकाणी रिंग खिळ्याला शोभेसारखी टांगलेली असते आणि दोरी उन्हाने कडक होऊन तुटायला आलेली असते.

फोनशेजारी भिंतीवर एक कार्ड लावा. त्यावर १०८ आणि ११२, आपला पूर्ण पत्ता, जवळची ठळक खूण आणि कोणत्या फाट्यावरून वळायचं ते मोठ्या अक्षरात. गिरणारे-दुगावकडच्या फार्महाउसचं नुसतं नाव सांगून ॲम्ब्युलन्सला जागा सापडत नाही आणि तिकडे मोबाइलला रेंज मिळेलच असंही नाही. फाट्यावर मोटारसायकल घेऊन कोण उभं राहील, तेही आधीच ठरवा.

## ४. खुर्ची कुठे आणि किती, हे मोजून ठरवा

‘पन्नास माणसांमागे एक जीवरक्षक’ अशा हिशोबाने संख्या काढू नका. तलावाचा आकार, खांब, कारंजी आणि उन्हाची तिरीप यांवर ती ठरते. जगभर वापरला जाणारा १०/२० चा निकष घ्या: आपल्या विभागातला धोका १० सेकंदांत लक्षात आला पाहिजे आणि पुढच्या २० सेकंदांत तिथे पोहोचलं पाहिजे.

चाचणी सोपी आहे. तलाव रिकामा असताना जीवरक्षकाला खुर्चीवर बसवा. दुसऱ्याने लांबच्या कोपऱ्यात वजन तळाशी सोडायचं आणि घड्याळ लावायचं. २० सेकंदांत तो तिथे पोहोचला नाही तर विभाग मोठा आहे. खुर्ची हलवा नाहीतर माणूस वाढवा.

हीच चाचणी दुपारी चार वाजता पुन्हा घ्या. सूर्य पश्चिमेला कलला की पाण्यावर तिरीप पडते आणि अर्ध्या तलावाचा तळ दिसेनासा होतो. सकाळी उत्तम वाटणारी खुर्ची दुपारी निकामी ठरते. सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला दुपारची खुर्ची ठेवा. पोलराइज्ड गॉगल द्या, डोक्यावर छत्री द्या. नाशिकच्या चाळीस अंशांच्या उन्हात उघड्या खुर्चीवर बसलेला माणूस अर्ध्या तासात सुन्न होतो. डोळे उघडे असतात, दिसत काही नसतं.

म्हणून दर २० ते ३० मिनिटांनी जागा बदला आणि सलग तासाभरापेक्षा जास्त पहारा कुणाकडेही देऊ नका. मधल्या वेळात सावली, पाणी, बसायला जागा.

पाळी बदलण्याची रीत अशी: नवा माणूस खुर्चीजवळ येऊन आधी आपल्या विभागाचा तळ नीट बघतो. खुर्चीवरचा त्याला सांगतो, ‘लाल टोपीवाला मुलगा दमलाय, शिडीजवळच्या दोघांवर लक्ष ठेव.’ नवा ‘घेतलं’ म्हणतो आणि पाण्याकडे बघत राहतो, तेव्हाच जुना खाली उतरतो. दोघांनी एकमेकांकडे तोंड करून बोलायचं नाही. खुर्ची बदलताना पाण्यावरून नजर निघाली तर ती पाच-दहा सेकंदं कुणाच्याच हिशोबात नसतात.

## ५. पहारा: नेमकं काय बघायचं

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, अशी आपली समजूत आहे. ओरडणारा माणूस संकटात असतो आणि त्याला मदत हवीच, पण त्याच्याकडे श्वास शिल्लक असतो. खरा बुडणारा गप्प असतो. फ्रँक पिया या अमेरिकन जीवरक्षकाने बुडणाऱ्यांच्या चित्रफिती बारकाईने अभ्यासून हे मांडलं. पृष्ठभागावरची ही धडपड साधारण २० ते ६० सेकंदं टिकते. लहान मूल त्याहून लवकर खाली जातं.

त्याचं रूप डोळ्यांत बसवा. अंग पाण्यात उभं असतं, पाय जवळजवळ हलत नाहीत. डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या पातळीला. तोंड वर येतं, श्वास घ्यायच्या आत पुन्हा खाली जातं. दोन्ही हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात, जणू दिसत नसलेल्या शिडीवर चढणं चाललंय. केस कपाळावर, डोळ्यांवर येतात, पण ते बाजूला करायला हात वर येत नाही. हा शेवटचा तपशील मला सर्वांत खात्रीचा वाटतो. खेळणारं मूल पाण्यातून वर आलं की पहिल्यांदा तोंडावरचं पाणी पुसतं. जे पुसत नाही, त्याच्याकडे जा.

शंका आली तर हाक मारा: ‘काय रे, ठीक आहेस का?’ उत्तर आलं तर बरंच. रिकामी नजर आली तर पाण्यात शिरा. हाक आणि उडी यांत दोन सेकंदांहून जास्त वेळ जाऊ देऊ नका.

नजर फिरवायची ती अशी: आधी तळ, मग मधलं पाणी, मग पृष्ठभाग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दहा सेकंदांत एक फेरी. मान हलली पाहिजे, नुसते डोळे नाहीत. दर काही मिनिटांनी उठून उभं राहा, बाजू बदला. नवी पोरं पृष्ठभागावरची डोकी बघत राहतात आणि तळाकडे त्यांचं लक्षच जात नाही. तळाशी पडलेला माणूस वरून टॉवेलसारखा, सावलीसारखा किंवा फरशीच्या डागासारखा दिसतो. ‘ती सावली असेल’ असं मनात आलं की ती सावली आहे हे पक्कं करून घ्या.

कुणावर जास्त लक्ष ठेवायचं? पहिली जागा म्हणजे उतार सुरू होतो ती रेषा. साडेतीन-चार फुटांवर उभं असलेलं मूल दोन पावलं मागे सरकतं आणि पायाखालची फरशी जाते. तिथे दोरी आणि तरंगते गोळे लावा. मग कठडा धरून हातांनी सरकत खोल बाजूला निघालेली मुलं. मग वडिलांच्या पाठीवर बसलेलं लेकरू, जिथे वडिलांनाच धड पोहता येत नाही. सुती साडी किंवा ओढणीसकट पाण्यात उतरलेल्या बायका, कारण भिजलेलं कापड पायात गुंततं. वाइनरी बघून रिसॉर्टवर आलेला आणि थेट पाण्याकडे निघालेला ग्रुप: प्यायलेल्या माणसाला पाण्यात सोडायचं नाही, मग तो कितीही मोठा पाहुणा असो. हा निर्णय जीवरक्षकाचा आहे आणि मालकाने त्याच्या पाठीशी उभं राहायचं आहे.

पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची पैज लावणारी मोठी मुलं वेगळ्याच धोक्यात असतात. भराभर श्वास घेऊन बुडी मारली की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे श्वास घ्यायची ओढ उशिरा लागते आणि ती लागण्याआधीच शुद्ध हरपते. चांगले पोहणारेच यात जातात. अशी पैज दिसली की शिट्टी.

थंडीतला मुद्दा थोडक्यात सांगतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या बॅचला पाणी फार गार असतं. ओठ निळे पडलेलं, कुडकुडणारं मूल ताबडतोब बाहेर काढा, बॅचची वेळ कमी करा.

तपासा: पहारा जिवंत आहे का हे बघायचा एक उपाय आहे. जुन्या ट्रॅकसूटमध्ये ओल्या चिंध्या आणि थोडं वजन भरून बाहुली शिवा. तिला गडद रंग द्या, कारण प्रत्यक्षात माणूस लख्ख दिसत नाही. बॅच बदलताना पाणी रिकामं असतं, तेव्हा ती गुपचूप तळाशी सोडा आणि खुर्चीवरच्याला कितव्या सेकंदाला दिसते ते वहीत लिहा. रागवायचं नाही. आकडा दाखवायचा, कारण शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं.

## ६. शिट्टी आणि नियम

शिट्टीचे संकेत आधी ठरवून फलकावर लिहा. एक छोटी शिट्टी पोहणाऱ्याला, दोन छोट्या सहकाऱ्याला, एक लांब म्हणजे आणीबाणी आणि सगळ्यांनी पाण्याबाहेर. उठसूट शिट्टी वाजवू नका, नाहीतर लांब शिट्टीलाही कुणी वळून बघत नाही.

फलकावर पाच-सहाच नियम लिहा आणि ते खरोखर पाळून घ्या. उथळ पाण्यात सूर मारायचा नाही. काठावर पळायचं नाही. कुणावर मुटका मारायचा नाही. पोहता न येणाऱ्या लहान मुलासोबत मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, काठावरच्या खुर्चीत नको.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पाण्यात कुणी नाही. वळवाच्या दिवसांत यावर वाद घालणारा एक तरी भेटतोच. त्याच्याशी नम्रपणे बोला, पण पाण्यात सोडू नका.

## ७. वॉटर पार्क: इथे धोके वेगळे

घसरगुंडीला दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली. वरच्याने एका वेळी एकच माणूस सोडायचा आणि तोही खालच्याने हात वर करून ‘मोकळं’ असा इशारा केल्यावर. अंदाजाने, मनात दहा मोजून सोडायचं नाही. खाली एखादं मूल गॉगल शोधत थांबलेलं असतं आणि त्याच्यावर सत्तर किलोचा माणूस येऊन आदळतो. बसायची पद्धत वरच्याने स्वतः करून दाखवावी: पाठीवर, पाय पुढे, हात छातीवर. डोकं पुढे करून किंवा हातात हात गुंफून साखळीने कुणीही जायचं नाही. उंची आणि वजनाची मर्यादा बनवणाऱ्या कंपनीने दिलेली असते. तिकडे उंचीची खूण भिंतीवर रंगवा, म्हणजे आईवडिलांशी घासाघीस होत नाही.

खाली उतरण्याच्या जागी पाणी कमरेएवढं असलं तरी माणूस भोवंडलेला असतो, नाकातोंडात पाणी गेलेलं असतं, कुठली बाजू वर हे क्षणभर कळत नाही. खालच्या जीवरक्षकाने त्याला उभा राहिलेला बघायचं, मगच वर इशारा.

लाटांचा तलाव सर्वांत फसवा. काठापाशी घोट्याइतकं पाणी म्हणून लोक लहान मुलं घेऊन आत सरकतात. लाटा सुरू झाल्या की पाय सुटतात, ट्यूब एकमेकांवर आदळतात आणि ट्यूबच्या गर्दीखाली गेलेला माणूस वरून दिसतच नाही. लाटा सुरू करण्याआधी भोंगा वाजवा, लहान मुलांना उथळ बाजूला आणा, खोल भागात ट्यूबची संख्या मर्यादित ठेवा. लाटा बंद करायचं बटण प्रत्येक खुर्चीपाशी हवं. बचावाची पहिली कृती म्हणजे ते बटण दाबणं. लाटांत उडी मारणं त्यानंतर.

आणि रेन डान्स. तिथलं डीजेचं आवाजमान इतकं असतं की बाजूच्या तलावावरची शिट्टी कुणाला ऐकू येत नाही. लांब शिट्टी झाली की संगीत ताबडतोब बंद होईल, अशी जबाबदारी डीजे चालवणाऱ्यावर लेखी टाका आणि हंगामात दोनदा तरी करून बघा.

## ८. बचाव: हाच क्रम

१. लांब शिट्टी. तुमचा विभाग दुसऱ्याने घेतला पाहिजे. दोघंही उडी मारून आले तर बाकीचा तलाव उघडा पडतो.

२. काठाजवळ असेल तर बांबू किंवा हात पुढे करा. आडवं झोपून, छाती काठावर टेकवून. उभ्याने हात दिला तर तो तुम्हाला आत ओढतो.

३. लांब असेल आणि शुद्धीत असेल तर रिंग फेका.

४. हे शक्य नसेल तर रेस्क्यू ट्यूब घेऊन पाण्यात. नजर त्याच्यावरून न काढता, उथळ पाण्यात पाय आधी टाकून. तळाचा अंदाज नसताना सूर मारायचा नाही.

५. ट्यूब दोघांच्या मध्ये ठेवा. शक्यतो पाठीमागून जा, काखेतून हात घालून त्याला ट्यूबवर घ्या. समोरून मिठी मारली तर झटापट करू नका, श्वास घेऊन खाली बुडी मारा. त्याला वर राहायचं असतं, तो पकड सोडतो.

६. बेशुद्ध असेल तर तोंड पाण्याबाहेर ठेवून सर्वांत जवळच्या काठाला न्या. शिडी कुठे आहे ते शोधत बसू नका.

सूर मारताना डोकं आपटलं असेल, मान दुखते किंवा हातापायांना मुंग्या येतात असं तो म्हणत असेल, तर त्याला उभं करू नका, ओढू नका. त्याचे दोन्ही हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना सरळ दाबून मान स्थिर धरा, पाण्यातच बोर्डावर घ्या, मग बाहेर. पण तो श्वास घेत नसेल तर मानेची फार काळजी करत थांबू नका. श्वास आधी.

इशारा: शेजारच्या शेततळ्यात कुणी पडलं तर हाच क्रम आणखी कडक. तळ्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही आणि वाचवायला उतरलेलाही बाहेर येऊ शकत नाही. दोरी बांधल्याशिवाय कुणी उतरू नये. तळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेला दोर कायम सोडून ठेवा.

## ९. काठावर आणल्यावर

इथेही जीव जातात, कारण गर्दी जमते आणि जो तो आपला उपाय सांगतो. पायांना धरून उलटं करणं, खांद्यावर टाकून गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं: यातलं काहीही करू नका. पोटातलं पाणी वर येऊन फुप्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. ऑक्सिजनवाचून मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा व्हायला लागते.

त्याला पाठीवर, कडक जमिनीवर ठेवा. हाक मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नसेल तर एकाने १०८ ला फोन, स्पीकरवर. दुसऱ्याने एईडी आणायला जावं. डोकं मागे, हनुवटी वर करून दहा सेकंदांच्या आत श्वास बघा. मधूनच घेतलेली उचकीसारखी धाप म्हणजे श्वास नव्हे.

श्वास नसेल तर आधी श्वास द्यायचे. हे ठळक सांगतो, कारण आपल्याकडच्या अनेक शिबिरांत सामान्य लोकांना नुसतं छाती दाबायला शिकवलं जातं. ते अचानक हृदय थांबलेल्या माणसासाठी ठीक आहे. बुडालेल्याचं हृदय ऑक्सिजन संपल्यामुळे थांबतं, म्हणून हवा पोहोचवणं पहिलं. युरोपच्या पद्धतीत सुरुवातीला ५ श्वास देतात, अमेरिकेच्या पद्धतीत २. तुमचं प्रशिक्षण ज्या पद्धतीने झालं ती धरा. पॉकेट मास्क लावून, छाती वर उठताना दिसेल इतका, सुमारे एक सेकंदाचा श्वास.

मग छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, लहान मुलाची तिच्या जाडीच्या एक तृतीयांश. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० आणि २. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला, कारण थकलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि थकलेल्याला ते कळत नाही.

तोंडातून पांढरा फेस येईल. तो पुसत बसू नका, श्वास देत राहा. उलटी झाली तर पूर्ण अंग कुशीवर वळवा, बोटाने तोंड साफ करा, परत पाठीवर आणून सुरू. एईडी आला की छाती टॉवेलने कोरडी करून पॅड चिकटवा आणि यंत्र सांगेल तसं करा. पॅड लागेपर्यंत श्वास आणि दाब थांबवू नका. अंगात हालचाल येईपर्यंत किंवा ॲम्ब्युलन्सचे डॉक्टर ताबा घेईपर्यंत चालू ठेवायचं.

तो स्वतः श्वास घ्यायला लागला तर कुशीवर ठेवा, ओले कपडे काढून टॉवेलने गुंडाळा, एकटं सोडू नका.

तपासा: बघ्यांना दोरीमागे ठेवायचं काम कुणाचं? फोनवर बोलणारा कोण? आईवडिलांजवळ थांबणारा कोण? ही तीन नावं पाळीच्या सुरुवातीलाच ठरवा.

## १०. शुद्धीवर आला म्हणून घरी सोडू नका

बेशुद्ध झालेल्या, सीपीआर द्यावा लागलेल्या, तोंडातून फेस आलेल्या प्रत्येकाला दवाखान्यात पाठवा, मग तो चालत-बोलत असला तरी. नुसत्या गटांगळ्या खाल्लेल्याला निदान तासभर काठावर बसवून ठेवा. खोकला थांबत नसेल, श्वास भराभर चालला असेल, उलटी होत असेल किंवा मूल एकाएकी सुस्त झालं असेल तर तोही दवाखान्यातच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास पुढच्या काही तासांत, साधारण आठ तासांपर्यंत वाढू शकतो. ही लक्षणं आणि ‘रात्री असं काही दिसलं तर थेट सिव्हिल किंवा जवळचं मोठं रुग्णालय’ हे वाक्य मराठी आणि हिंदीत छापून पालकांच्या हातात द्या. तोंडी सांगितलेलं त्या घाईत कुणाच्या डोक्यात राहत नाही.

मग नोंद. वेळ, जागा, खोली, खुर्चीवर कोण होतं, कशामुळे लक्षात आलं, किती सेकंद लागले, काय केलं. त्याच दिवशी, त्याच माणसाच्या शब्दांत. कुणाला दोषी ठरवणारी वाक्यं लिहायची नाहीत, पण तिरीप होती, खुर्ची रिकामी होती, झाकण सैल होतं, हे असेल तसं लिहायचं. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचीही अशीच नोंद ठेवा. मोठ्या अपघाताआधी त्याच कोपऱ्यात दोन-तीन छोटे प्रसंग झालेले बऱ्याचदा त्या वहीत सापडतात.

ज्याने बचाव केला त्याला त्या दिवशी पुन्हा खुर्चीवर बसवू नका. त्याचे हात थरथरत असतात आणि डोळ्यांसमोर तोच चेहरा असतो. बदली माणूस मिळेपर्यंत त्याचा विभाग दोरी लावून बंद ठेवा. मास्क धुऊन जागेवर, रिंगची दोरी पुन्हा गुंडाळून, बोर्डाच्या पट्ट्या जुळवून, एईडीचे नवे पॅड बसवून झाल्यावरच पुढची बॅच आत घ्या.